गर्भपिशवी काढायला सांगितलीय? ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत कसं घ्यायचं, पायरी पायरीने

आमच्याकडे कोकणात सेकंड ओपिनियनच्या नावाखाली बहुतेक वेळा काय होतं ते आधी सांगते. डॉक्टर म्हणतात पिशवी काढावी लागेल, घरी चर्चा होते, कोणीतरी म्हणतं एकदा कोल्हापूरला नाहीतर मुंबईला दाखवून या, मग गाडी करून किंवा रात्रीच्या ट्रेनने जायचं, तीन तास लायनीत बसायचं, आणि आत गेल्यावर डॉक्टर विचारतात सोनोग्राफीची फिल्म कुठाय, ती घरी. पॅप टेस्ट (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) झालीय का, माहीत नाही. हिमोग्लोबिन किती, "कमी आहे म्हणाले". डॉक्टर म्हणतात सगळं परत करा आणि या. परत जायला ना पैसे ना वेळ, म्हणून मग पहिल्या डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला मुकाट्याने ऑपरेशन. हे मत घेणं झालंच नाही, नुसता प्रवास झाला.

मी डॉक्टर नाही. पण बरीच वर्षं कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या नात्यातल्या आणि वाडीतल्या बायकांबरोबर ओपीडीत जाते, आणि त्याच त्याच चुका परत परत होताना बघते. पिशवी काढणं हे काही बायकांसाठी खरंच गरजेचं आणि जीव वाचवणारं ऑपरेशन आहे. पण एकदा काढली की परत बसवता येत नाही, त्यामुळे आधी नीट विचारून घेणं हा आपला हक्क आहे. खाली जो क्रम दिलाय तो शक्यतो बदलू नका.

पायरी १ : आधी ठरवा, थांबायला वेळ आहे का

सगळ्यात पहिलं हेच. पहिल्या डॉक्टरांना सरळ विचारा, "डॉक्टर, तीन-चार आठवडे थांबलं तर काय धोका आहे?" फायब्रॉइडच्या गाठी (पिशवीच्या स्नायूत वाढणाऱ्या, सहसा कॅन्सर नसलेल्या), पाळीत जास्त जाणं, अंग बाहेर येणं, पोटात दुखणं, अशा बहुतेक कारणांसाठी काही आठवडे थांबल्याने बिघडत नाही. पण काही वेळा थांबायचंच नसतं, ते पाठ करून ठेवा:

- तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, चक्कर येतेय, छाती धडधडतेय
- ओटीपोटात एका बाजूला अचानक भयंकर दुखायला लागलं आणि सोबत उलट्या (गाठीला पीळ पडलेला असू शकतो)
- पाळी चुकलीय आणि पोटात जोरात दुखतंय, किंवा चक्कर येऊन पडायला झालंय
- ताप, थंडी आणि ओटीपोटात दुखणं एकत्र

यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि जवळच्या हॉस्पिटलला जा, १०८ ला फोन करा. तिथे दुसऱ्या मताची वाट बघायची नाही.

आणि कॅन्सर असल्याचं बायोप्सीत (म्हणजे छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) आलं असेल तर? तेव्हाही दुसरं मत घ्यावं, उलट तेव्हा तर जास्तच घ्यावं, कारण कॅन्सरचं ऑपरेशन साध्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनपेक्षा वेगळं असतं आणि पहिलंच ऑपरेशन नीट होणं महत्त्वाचं. फक्त ते एक-दोन आठवड्यांत उरकायचं, "चतुर्थी झाली की बघू" असं नाही.

*खबरदारी :* पाळी कायमची बंद होऊन (म्हणजे मेनोपॉज) वर्ष उलटल्यावर अंगावरून थोडंसं जरी रक्त गेलं, अगदी एकदाच डाग लागला तरी, तपासणी लांबवू नका. बऱ्याचदा कारण साधं निघतं, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही.

पायरी २ : पहिल्या डॉक्टरांकडून कारण लिहून घ्या

इथेच सगळ्यात जास्त गाडी अडते. परवा एक काकी सांगत होत्या, "डॉक्टरान सांगल्यान पिशवी काढूक व्हयी, म्हणान काढतंय." मी विचारलं कशाक, तर म्हणाल्या, "ता माका म्हायत नाय." पेपर बघितला तर त्यावर नुसती ऑपरेशनची तारीख आणि आणायच्या सामानाची यादी. कारण कुठेच नाही.

तर दुसरीकडे जायच्या आधी पहिल्याच डॉक्टरांकडे परत जाऊन हे विचारा आणि केसपेपरवर लिहून मागा:

१. माझा आजार नक्की काय आहे, त्याचं नाव.
२. ते कुठल्या तपासणीवरून ठरवलं.
३. गोळ्या, इंजेक्शन किंवा दुसरा काही उपाय करून बघितला का, नसेल तर का नाही.
४. पिशवीबरोबर अंडाशय पण काढणार आहात का.

चौथा प्रश्न बायका विचारतच नाहीत. अंडाशय म्हणजे ओव्हरी. पाळी चालू असलेल्या बाईच्या दोन्ही ओव्हरी काढल्या की मेनोपॉज एकदम, एका दिवसात येतो, अंगातून वाफा, झोप नाही, आणि पुढे हाडं ठिसूळ होणं आणि हृदयाचा त्रास याचा धोका वाढतो. ओव्हरी ठेवून नुसती पिशवी काढली तर पाळी बंद होते पण हार्मोन चालू राहतात. म्हणजे ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत असंच समजा, आणि आपल्याला कुठलं सांगितलंय हे माहीत पाहिजे.

डॉक्टरांना राग येईल या भीतीने गप्प बसू नका. चांगल्या डॉक्टरांना याचं काही वाटत नाही. एवढंच म्हणा, "डॉक्टर, मोठं ऑपरेशन आहे, घरच्यांना समाधान पाहिजे, एकदा दुसरीकडे दाखवून येते, पेपर द्याल का." घरच्यांचं नाव पुढे केलं की बोलणं सोपं जातं.

पायरी ३ : कागद गोळा करा, आणि रिपोर्टबरोबर फिल्म पण

ही पायरी नीट झाली तर निम्मं काम झालं. कागदांच्या पिशवीत भरायचं काय:

- सोनोग्राफीचा टाईप केलेला रिपोर्ट आणि त्यासोबतच्या फिल्म किंवा प्रिंट. एमआरआय, सीटी झाला असेल तर सीडी पण. नुसत्या रिपोर्टवर दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्या माणसाने काय बघितलं एवढंच कळतं, त्यांना स्वतः बघायचं असतं.
- जुन्या सोनोग्राफी, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या सुद्धा. गाठ तेव्हा ४ सेंटीमीटर होती आणि आजही ४ च आहे, ही माहिती फार मोलाची.
- रक्त : हिमोग्लोबिनसकट सीबीसी, थायरॉइडची टीएसएच, साखर.
- पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही टेस्ट झाली असेल तर.
- पिशवीच्या आतल्या अस्तराची बायोप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट. कॅन्सरची शंका असेल तर लॅबकडून स्लाईड आणि ब्लॉक (तपासलेल्या तुकड्याच्या काचा आणि मेणात ठेवलेला नमुना) पण मागून घ्या, मोठ्या हॉस्पिटलात त्या परत तपासतात आणि कधी कधी निदान बदलतं.
- चालू असलेल्या आणि आधी घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. नावं आठवत नसतील तर रिकामी पट्टी चालेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आवर्जून दाखवा, त्यानेही पाळीत जास्त जातं.
- आधीच्या सिझर किंवा पोटाच्या कुठल्याही ऑपरेशनचे पेपर. आणि तांबी बसवलेली असेल तर कधी बसवली ते. तांबीमुळे पाळी जास्त जाऊ शकते आणि हे सांगायचं राहून जातं.

पेपर देत नसतील तर? तुमचे रिपोर्ट तुमचे आहेत. मागणी केल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं बंधन डॉक्टरांच्या व्यवसायाच्या २००२ च्या नियमांत आहे, आणि महाराष्ट्रात नर्सिंग होमसाठीचे जे नियम २०२१ मध्ये सुधारले त्यात रुग्णहक्कांची सनद आहे, ती दर्शनी भागात लावायची असते. एका साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख टाका, एक प्रत स्वतःकडे सही-शिक्क्यानिशी ठेवा. भांडायची गरज सहसा पडत नाही, लेखी अर्ज बघितला की पेपर मिळतात.

सगळं तारखेप्रमाणे लावा, जुनं खाली नवीन वर. आणि प्रत्येक कागदाचा मोबाईलवर सरळ, उजेडात फोटो काढून ठेवा.

*रिपोर्ट वाचताना घाबरू नका.* सोनोग्राफीत काही शब्द असे येतात की बाई अर्धी तिथेच खचते. "बल्की युटेरस" म्हणजे पिशवी थोडी मोठी दिसतेय, बाळंतपणं झालेल्या बायकांत हे खूपदा दिसतं, नुसत्या या एका शब्दावर ऑपरेशन ठरत नाही. "नाबोथियन सिस्ट" म्हणजे पिशवीच्या तोंडावरचे चिकट द्रवाचे छोटे फोड, त्याला सहसा काहीच करावं लागत नाही. पाळी चालू असलेल्या बाईच्या ओव्हरीत ५ सेंटीमीटरच्या आतली साधी पाण्याची गाठ असेल तर बऱ्याचदा ती दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते, म्हणून परत सोनोग्राफी करून बघतात. पिशवीच्या तोंडाला "जखम" आहे असं सांगतात ती पुष्कळदा जखम नसतेच, आतलं नाजूक अस्तर बाहेर दिसत असतं, पॅप टेस्ट करून खात्री करतात. आणि अंगावरून पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही, ते इन्फेक्शन आहे का बघून औषध द्यायचं असतं.

पण उलट बाजू पण सांगते. अस्तराच्या बायोप्सीत "अ‍ॅटिपिया" हा शब्द (पेशींत कॅन्सरकडे झुकणारे बदल) आला असेल तर तो हलक्यात घेऊ नका, तिथे ऑपरेशनचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. "अ‍ॅटिपिया नाही" असं लिहिलं असेल तर हार्मोनच्या औषधाने बरं होण्याची चांगली शक्यता असते. एका शब्दाचा फरक, म्हणून रिपोर्ट कोणाच्या तोंडून ऐकून दुसऱ्याला सांगू नका, कागदच दाखवा.

पायरी ४ : पाळीची नोंद, कालनिर्णयवरच

डॉक्टर विचारतात "किती जातं?" आणि आपण म्हणतो "खूप". त्यावरून काही ठरवता येत नाही. एक पाळी तरी नीट नोंदवा, वही नको, भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात पेनाने लिहा. किती पॅड बदलले तो आकडा. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गुठळ्या पडल्या तर ग. रात्री उठून बदलावं लागलं तर र. दुखण्याने काम बंद पडलं तर द. पुढे ते पान मोबाईलमध्ये फोटो काढून न्या. असं पान एकदा दाखवल्यावर डॉक्टरांची बोलायची पद्धतच बदलते, कारण "१४ तारखेला ९ पॅड, ग, र" यावर कोणी वाद घालत नाही.

कपडा वापरत असाल तर कपडा किती वेळा बदलला ते लिहा. लाज वाटायचं काही कारण नाही.

याच महिन्यात हिमोग्लोबिन वाढवायला सुरुवात करा. ऑपरेशन करायचं ठरो किंवा न ठरो, हिमोग्लोबिन ७-८ पर्यंत उतरलेलं असेल तर ते आधी वर आणावंच लागतं. डॉक्टरांना विचारून लोहाची गोळी चालू करा, चहाबरोबर घेऊ नका, एक-दोन तास अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगलं. गोळीने वाढायला आठवडे लागतात. पोटाला सोसत नसेल किंवा फारच कमी असेल तर शिरेतून लोह देतात, त्याबद्दल विचारा.

*तपासा :* केसपेपरवर कारण लिहून मिळालंय? फिल्म हातात आहे? टीएसएच झालीय? निदान एका पाळीची नोंद आहे? यातलं एक जरी नसेल तर अजून निघू नका. कॅन्सर आहे किंवा तशी शंका आहे अशांनी मात्र नोंदीसाठी थांबायचं नाही, असेल ते घेऊन निघा.

पायरी ५ : दुसरं मत कोणाचं घ्यायचं

पहिल्या डॉक्टरांनीच ज्यांच्याकडे पाठवलं, किंवा जे त्यांच्याच हॉस्पिटलात व्हिजिटला येतात, त्यांचं मत धरू नका. ते वाईट असतात असं नाही, पण मोकळं मत मिळायला थोडं अंतर लागतं. शक्यतो असे डॉक्टर बघा जे खालून, दुर्बिणीने आणि पोटावरून अशी तिन्ही प्रकारची ऑपरेशनं करतात, कारण ज्यांना एकच पद्धत येते ते तीच सुचवणार. आणि पहिल्या भेटीतच सांगा की मी फक्त मत घ्यायला आलेय, ऑपरेशन कुठे करायचं ते नंतर ठरवू.

मेडिकल कॉलेजची ओपीडी मला या कामासाठी सगळ्यात बरी वाटते. गर्दी असते, तासन्‌तास बसावं लागतं, पण तिथल्या डॉक्टरांचं तुमच्या ऑपरेशनवर काही अवलंबून नसतं, आणि ज्युनिअर-सिनिअर दोघं बघतात. आपल्या पट्ट्यात सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिकडे दोडामार्ग-सावंतवाडीकडच्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं (गोव्याबाहेरच्या पेशंटला चार्जेस काय पडतात ते आधी विचारून घ्या). रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, चिपळूण-संगमेश्वरकडच्यांना डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल, घाट चढून कोल्हापूरचं सीपीआर (सरकारी हॉस्पिटल) किंवा कराडचं कृष्णा हॉस्पिटल. रायगडवाल्यांना अलिबागचं सरकारी मेडिकल कॉलेज, नाहीतर सरळ मुंबई : केईएम, नायर, सायन, कामा, परळचं वाडिया. कॅन्सरची शंका असेल तर टाटा, ते केईएमच्या जवळच आहे.

ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर घरबसल्या फुकटात डॉक्टरांशी बोलता येतं. कुठल्या तपासण्या राहिल्यात, कुठे जावं, एवढं विचारायला ते चांगलं. पण तपासल्याशिवाय पिशवी काढायची की नाही हे फोनवर ठरत नाही, आणि ओळखीच्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो टाकून "काय करू" विचारलं तर जे उत्तर येईल ते दुसरं मत धरू नका. ओळखीपोटी ते बिचारे काहीतरी सांगतात.

पायरी ६ : जायचा दिवस

फोन करून गायनॅक ओपीडीचे वार आणि नोंदणीची वेळ विचारा. सरकारी ठिकाणी केसपेपर सकाळी काढायचा असतो, अकराला पोचलात तर दिवस फुकट. मुंबईला जाणाऱ्यांना कोकणकन्या किंवा तुतारी सोयीची, रात्री बसलं की पहाटे-सकाळी उतरवते आणि ओपीडी गाठता येते. पावसात गाड्यांचं पावसाळी वेळापत्रक असतं, वेळा बदलतात, ते बघून तिकीट काढा. गणपती आणि शिमग्याच्या आसपासचा आठवडा टाळाच, तिकीट मिळत नाही, आणि आजारी बाईला जनरलच्या डब्यात उभं करून नेण्यात अर्थ नाही.

पाळी चालू नसताना जाणं सोयीचं, पॅप टेस्ट करायची झाली तर करता येते. पण सतत जातच असेल तर त्यासाठी थांबू नका. पोटावरून सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते, खालून करायची असेल तर रिकामी, त्यामुळे आत जायच्या आधी नर्सना विचारूनच बाथरूमला जा.

आधार कार्ड, रेशन कार्ड घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का हे त्याच दिवशी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) विचारून या, किंवा १५५३८८ वर फोन करा. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत पिशवीच्या ऑपरेशनला किती वर्षांचा वेटिंग पिरियड आहे ते बघा, बऱ्याच पॉलिसींत असतो.

पायरी ७ : आत गेल्यावर

बाईनेच बोलायचं. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. नवरा, मुलगा, दीर सोबत असतात आणि तेच सगळं सांगतात, आणि त्यांना माहीतच नसतं की संबंधाच्या वेळी दुखतं, शिंकलं की लघवी होते, किंवा हल्ली रात्री तीनदा उठावं लागतं. सोबत एक बाई असू द्या, बहीण, जाऊ, वैनी, जिच्यासमोर सगळं बोलता येईल. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर खोलीत नर्स किंवा आपली बाई हवी असं सांगता येतं, त्यात संकोच नको.

आधी त्रास सांगा, मग कागद द्या. "त्यांनी पिशवी काढायला सांगितलीय, बरोबर आहे का?" असं पहिल्याच वाक्यात विचारलं की डॉक्टर हो किंवा नाही मध्ये उत्तर देऊन मोकळे होतात. त्याऐवजी : मला किती महिन्यांपासून काय होतंय, आतापर्यंत काय औषध झालं, हे घ्या रिपोर्ट, तुमच्या मते हे काय आहे? त्यांना स्वतःचं मत बनवू द्या. पहिल्यांचा सल्ला लपवायचा नाही, पण तो नंतर सांगायचा.

मग हे प्रश्न, चिठ्ठीवर लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाही :

- ऑपरेशन केलं नाही तर पुढच्या दोन-पाच वर्षांत काय होईल?
- माझ्या वयाला मेनोपॉजपर्यंत औषधावर काढता येईल का? (फायब्रॉइडच्या गाठी मेनोपॉजनंतर सहसा लहान होतात.)
- पिशवी न काढता काय काय करता येईल?
- काढायचीच झाली तर कुठल्या पद्धतीने, आणि ओव्हरी ठेवणार ना?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर काय काय असू शकतं ते आधी माहीत असलं तर बरं. पाळीत जास्त जात असेल तर फक्त त्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, आणि पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी असते, साध्या तांबीपेक्षा वेगळी, जिने पाळीत जाणं खूप कमी होतं आणि काही वर्षं काम करते. आपल्याकडे तिचं नाव बायकांनी ऐकलेलंच नसतं, म्हणून स्वतःहून विचारा. आतल्या पोकळीत पॉलिप किंवा छोटी गाठ असेल तर खालून दुर्बीण घालून फक्त तेवढीच काढता येते. मोठी फायब्रॉइडची गाठ असेल तर पिशवी ठेवून गाठ काढता येते, किंवा मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करायची पद्धत आहे. अंग बाहेर येत असेल तर खालून बसवायची रिंग आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम. पॅप किंवा बायोप्सीत पिशवीच्या तोंडाला कॅन्सरआधीचे बदल निघाले तर बहुतेक वेळा तोंडाचा तेवढाच भाग काढून भागतं. हे सगळं प्रत्येकीला लागू पडतं असं नाही, गाठीची जागा, आकार, वय, मूल हवंय का, यावर ठरतं. पण "तुम्हाला हे का चालणार नाही" याचं कारण डॉक्टरांनी सांगितलं पाहिजे, आणि ते तुम्हाला समजलं पाहिजे.

"मुलं झाली ना, आता पिशवीचं काय काम" किंवा "ठेवली तर कॅन्सर होईल" एवढ्याच कारणावर कोणी काढायला सांगत असेल तर थांबा. ही वैद्यकीय कारणं नाहीत. कॅन्सरची भीती असेल तर तपासणी करायची, निदान करायचं, मग ठरवायचं. आणि वय चाळिशीच्या आत असेल तर तर दुसरं मत घेतल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊच नका. अनावश्यक पिशव्या काढणं थांबवायला केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्यात, आणि त्या सगळ्या राज्यांनी लागू करा असं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, ते उगीच नाही.

निघायच्या आधी हे मतही केसपेपरवर लिहून घ्या.

पायरी ८ : दोन मतं समोरासमोर

त्याच दिवशी ट्रेनमध्ये ठरवू नका. घरी या, एक कागद घ्या, मधे रेघ मारा, डावीकडे पहिले डॉक्टर उजवीकडे दुसरे. आजाराचं नाव, कशावरून, उपाय, ओव्हरीचं काय.

दोघांचं सारखंच आलं तर प्रश्न मिटला, आता मन घट्ट करून तयारीला लागा. आजार एकच पण पद्धत वेगळी सांगितली, एक म्हणतात पोटावरून एक म्हणतात दुर्बिणीने, तर त्यासाठी तिसरीकडे पळू नका, कोणाचा हात कशात बसलाय, खर्च किती, घरी परत येऊन सांभाळायला कोण आहे यावर ठरवा. दुसऱ्यांनी आणखी तपासणी सांगितली तर ती करून त्यांच्याकडेच परत जा, अर्धवट सोडू नका.

खरी अडचण तेव्हा, जेव्हा एक म्हणतात काढा आणि दुसरे म्हणतात गरज नाही. तेव्हा आधी पहिल्या डॉक्टरांना जाऊन सांगा, "ते असं असं म्हणाले, तुमचं काय म्हणणं?" कधी कधी त्यांना तपासताना असं काही दिसलेलं असतं जे रिपोर्टमध्ये नाही. तरीही पटलं नाही तर तिसरं मत घ्या, पण एकच प्रश्न घेऊन. चार-पाच डॉक्टर फिरून मनासारखं उत्तर मिळेपर्यंत शोधत राहणाऱ्या बायका पण मी बघितल्यात, आणि त्यात महिने जातात, हिमोग्लोबिन उतरत जातं.

*खबरदारी :* औषधावर राहायचं ठरलं म्हणजे विषय संपला असं नाही. परत तपासणीची तारीख घ्या, सहसा तीन ते सहा महिन्यांत, आणि कालनिर्णयवरची नोंद चालूच ठेवा.

पायरी ९ : ऑपरेशन ठरलं तर, सहीच्या आधी

संमतीपत्र आदल्या दिवशीच मागून घ्या, मराठीतून, आणि वाचा. ऑपरेशन टेबलवर जाताना घाईत सही करायची ही गोष्ट नाही. त्यात कुठे "गरज पडल्यास अंडाशय काढणे" असं छापलेलं असेल तर विचारा कशी गरज, कोणत्या परिस्थितीत. तुम्हाला ओव्हरी ठेवायच्या असतील तर तसं पेनाने लिहून सही करा. सही तुमचीच हवी. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असं प्रकरण आलं होतं की दुर्बिणीने फक्त तपासायला भूल दिली आणि बाई बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन पिशवी आणि ओव्हरी काढल्या. कोर्टाने सांगितलं, जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान बाईच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे पिशवी काढायची संमती नव्हे. नवऱ्याच्या सहीने तुमची सही भरून निघत नाही.

तारीख घेताना पुढचे सहा ते आठ आठवडे मोजा. त्या काळात जड उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची कळशी नाही, लाकडाचा भारा नाही, लावणीला वाकणं नाही, काजूच्या-आंब्याच्या दिवसांत करंड्या उचलणं नाही. जूनमध्ये ऑपरेशन करून जुलैत शेतात उतरायचा बेत असेल तर तारीख बदला, किंवा माणूस बघा. घरात कोण स्वयंपाक करणार हे आधी स्पष्ट बोलून घ्या, नंतर कोणी विचारत नाही.

आणि काढलेली पिशवी तपासायला जाते ना हे विचारा. तिचा बायोप्सी रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तोवर डिस्चार्ज झालेला असतो, आणि कित्येक जणी तो आणायलाच जात नाहीत. टाके दाखवायला जाल त्या दिवशी रिपोर्ट हातात घ्या, डॉक्टरांकडून समजून घ्या, आणि पायरी ३ मधल्या त्याच कागदांच्या पिशवीत ठेवा.